माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून घरी गव्हाची बिअर: पहिल्या बॅचला काय सांभाळावं?

सोनटक्का

गव्हाची बिअर मला मनापासून आवडते. गढूळ सोनेरी रंग, ग्लासच्या कडेपर्यंत चढलेला दाट पांढरा फेस, आणि तोंडाशी नेताच आधी केळ्याचा, मग हलका लवंगेचा वास. ती घरी करून बघायचं आता नक्की केलं आहे.

माल्टचे (मोड आणून वाळवलेले) दाणे भरडा, मॅश करा (म्हणजे गरम पाण्यात मुरवा), गाळा, धुवा, हे सगळं पहिल्याच वेळी करायचं नाहीये. गव्हाचं तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट (त्याच दाण्यांचा आटवलेला गोड रस) आणून दहा लिटरची साधी बॅच लावायची आहे. पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. कोणी म्हणतं पातळ एक्स्ट्रॅक्ट घ्या, कोणी म्हणतं सुकं. हॉप्सबद्दल (कडवटपणासाठी घालतात ती फुलं) दहा तोंडांची दहा मतं. आणि काही जण तर सरळ म्हणतात की एक्स्ट्रॅक्टमधून तो खास वास येतच नाही, त्यासाठी दाणेच हवेत.

माझी समजूत अशी की तो वास यीस्ट तयार करतं. मग साखर दाण्यातून आली काय आणि डब्यातून आली काय, यीस्टला काय फरक पडतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि ज्यांनी प्रत्यक्ष केली आहे त्यांनी प्रमाणासकट लिहिलं तर फार बरं होईल.

तिरकीट

वाचतोय. करण्यातलं काही कळत नाही, पण चव बघायला माणूस हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. :)

मोजपट्टी

सोनटक्का, बेत चांगला आहे. दहा लिटरसाठी प्रमाण देतो.

सुकं गव्हाचं एक्स्ट्रॅक्ट १.३ किलो. सुक्याचा साधा हिशोब असा की लिटरमागे १०० ग्रॅम घातलं की घनता (पाण्याची १.०००) सुमारे १.०३७ येते. म्हणजे १३० ग्रॅमला १.०४८-१.०४९. पातळ असेल तर त्यात पाणी असतं, म्हणून १.६ किलो लागेल. सुकं टिकतं जास्त आणि मोजायला सोपं. पातळ डब्यात पडून राहिलं की काळवंडतं, तेव्हा घेतलंत तर ताजं बघून घ्या. "गव्हाचं" असं लिहिलेल्या एक्स्ट्रॅक्टमध्ये निम्म्याच्या वर गहू आणि बाकी जवाचं माल्ट असतं. ते तसंच हवं, शंभर टक्के गहू शोधत बसू नका.

हॉप्स: हालरटाऊ किंवा टेटनांग, आल्फा आम्ल (कडवटपणा देणारं) ४ टक्क्यांच्या आसपास, १५ ग्रॅम, तासभर उकळायचे. साधारण १३ आयबीयू (हे कडवटपणाचं माप) कडवटपणा येईल आणि या बिअरला तेवढा पुरे. शेवटी सुगंधासाठी वेगळे हॉप्स घालायची गरज नाही, तिथे यीस्टला बोलू द्यावं.

यीस्ट: ११ ग्रॅमचं सुकं पाकीट वीसेक लिटरसाठी असतं. तुम्हाला ५-६ ग्रॅम बास.

सुरुवातीची घनता १.०४९ आणि शेवटची १.०११ आली असं धरा. वजाबाकी ०.०३८, गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे ५ टक्के अल्कोहोल. हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) घ्याच. त्याच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

दाणागोटा

मी एक्स्ट्रॅक्टच्या विरोधात नाही, पण धाग्यात म्हटलंय ते अर्धंच खरं आहे.

केळ्याचा वास यीस्टचा, कबूल. लवंगेचा वास मात्र यीस्ट हवेतून काढत नाही. त्याला कच्चा माल लागतो, तो म्हणजे दाण्यातलं फेरुलिक आम्ल. दाण्यांपासून करणारे मॅश करताना आधी ४३ ते ४५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं थांबतात. त्या तापमानाला दाण्यातली विकरं फेरुलिक आम्ल मोकळं करतात. एक्स्ट्रॅक्ट कारखान्यात आधीच मॅश होऊन आटवलेलं असतं, तिथे कोणी तुमच्यासाठी थांबलं असेल याची खात्री कोण देणार? साखरेची घडणही तुमच्या हातात नाही. दाण्यांचा मॅश ६५ अंशांना ठेवला तर बिअर कोरडी होते, ६९ ला ठेवला तर अंगानं भरीव होते. डब्यातलं जे आहे ते आहे.

शिवाय रंग. एक्स्ट्रॅक्टची बिअर एक छटा तरी गडद येतेच.

मोजपट्टी

@दाणागोटा, रंगाचा मुद्दा मान्य, पण उपाय सोपा आहे. अर्धंच एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीला घालायचं आणि उरलेलं शेवटच्या दहा मिनिटांत. रंग मुख्यतः साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापून येतो. जास्त वेळ आणि जास्त दाट उकळलं की जास्त गडद. उशिरा घातलेल्या एक्स्ट्रॅक्टला तेवढा वेळच मिळत नाही, जंतू मरायला मात्र दहा मिनिटं भरपूर होतात.

अणुरेणू

रसायनशास्त्र हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट. यीस्ट वाढताना आयसोअमाइल अल्कोहोल तयार करतं आणि त्याला अॅसिटेटची जोड देतं. तापमान वाढलं की हे जास्त बनतं. यीस्ट मुद्दाम कमी घातलं तरी अनेकदा जास्त बनतं, म्हणून काही जण पाकीट हात राखून वापरतात. लवंगेचा वास ४-विनाइलग्वायकोलचा. दाणागोटा म्हणतात ते बरोबर, तो फेरुलिक आम्लापासून येतो. पण एक गोष्ट निसटली. एक्स्ट्रॅक्टमध्ये फेरुलिक आम्ल शून्य नसतं. माल्ट बनताना आणि मॅश होताना थोडं सुटतंच. म्हणून एक्स्ट्रॅक्टच्या बिअरमध्ये लवंग येते, जरा दबकी येते.

आणि हे रूपांतर करणारं जनुक ज्या यीस्टमध्ये शाबूत आहे तेच यीस्ट लवंग देतं. बहुतेक इतर एल यीस्टमध्ये (खोलीच्या तापमानाला आंबवणाऱ्या) ते निकामी असतं. म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर असं: गव्हाच्या बिअरचं यीस्ट घातलंत तर एक्स्ट्रॅक्टमधून केळं नक्की, लवंग मंद. साधं एल यीस्ट घातलंत तर उत्तमातले दाणे आणले तरी दोन्ही नाही.

अवांतर: आयसोअमाइल अॅसिटेट हा मधमाश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यातला मुख्य वास आहे. डंख मारलेल्या जागी हाच वास सुटतो आणि बाकीच्या माश्या धावून येतात.

तिरकीट

म्हणजे बाटली पोळ्याखाली उघडायची नाही. नोंद केली.

बुडबुडा

वा, मधमाश्यांचं माहीतच नव्हतं. अणुरेणू, अशी अवांतरं येऊ द्यात.

झाकणझुला

प्रमाणं मिळाली, आता हाताला काय काय घडतं ते लिहितो, कारण पहिल्या वेळी तिथेच धांदल उडते.

सुकं एक्स्ट्रॅक्ट उकळत्या पातेल्यावर पाकिटातून कधीही ओतू नका. पाकिटाचं तोंड वाफेत गेलं की आतली पावडर क्षणात ओलावते, कडांना टॉफीसारखी चिकटते आणि उरलेली गोळे होऊन पाण्यावर तरंगते. बाहेरून चिकट, आतून कोरडे असे ते गोळे डावानं फोडताना जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा पाणी गार असतानाच भुकटी घाला, नीट ढवळा, मग आच लावा. उशिरा घालायचा वाटा वेगळ्या भांड्यात थोड्या गार पाण्यात कालवून ठेवा. पातळ एक्स्ट्रॅक्ट असेल तर ते घालताना आच पूर्ण बंद करा, कारण ते जड असल्यानं तळाशी बसतं आणि करपतं. करपलेली चव शेवटपर्यंत जात नाही.

पहिली उकळी फुटते तेव्हा समोरून हलायचं नाही. प्रथिनांचा फेस दुधासारखा भसकन वर येतो. आच कमी करा, थंड पाण्याचा हबका मारा, ढवळा. थोड्या वेळानं फेस मोडतो आणि वर्टमध्ये (यीस्ट घालायच्या आधीच्या या गोड पाण्यात) लहान लहान चोथ्यासारखे कण फिरताना दिसतात. ते दिसले की धोका टळला, मग हॉप्स घाला. हॉप्स पडताच परत एकदा उसळी येते, तेव्हाही हात आचेवरच हवा. पातेलं निम्म्याहून फार जास्त भरू नका.

सोनटक्का

झाकणझुला, हे कुठल्याच कृतीत सापडलं नव्हतं. मनापासून आभार!

माझं सगळ्यात मोठं पातेलं नऊ लिटरचं आहे. मग दहा लिटर एकदम उकळता येणार नाही ना?

झाकणझुला

गरजच नाही. पाच लिटर उकळा. बाकीचं पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून, फ्रिजमध्ये गार करून ठेवा. वर्ट तयार झालं की पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवा, कोमट झालं की हे गार पाणी त्यात मिसळा. तापमान झटक्यात उतरतं. १८ अंशांपर्यंत आलं की यीस्ट. गरम वर्टमध्ये यीस्ट घाईनं टाकू नका, मरून जाईल.

मोजपट्टी

त्यात एकच भर. पाच लिटरात सगळं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीपासून उकळलं तर दाट वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो. म्हणूनही निम्मं उशिरा घालणं बरं. आणि तासभर उकळायचा कंटाळा असेल तर अर्ध्या तासात तासाभराच्या सुमारे तीन चतुर्थांश कडवटपणा मिळतो. हॉप्स २० ग्रॅम करा, काम झालं. एक्स्ट्रॅक्ट आधीच उकळून आलेलं असतं, त्यामुळे शिजवलेल्या मक्याचा वास घालवण्यासाठी दाणेवाल्यांना जसं लांबवर उकळावं लागतं तसं तुम्हाला लागत नाही.

शंकेखोर

सगळे कौतुकात रमलेत, म्हणून थोडा वाईटपणा घेतो. घरी केलेल्या दारूनं लोक आंधळे होतात, मरतात, अशा बातम्या येतात. पहिल्यांदा करणाऱ्या व्यक्तीला एवढ्या सहज प्रोत्साहन देणं योग्य आहे का?

अणुरेणू

शंकेखोर, प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो विचारलात हे चांगलं केलंत.

त्या बातम्या बहुधा मिथेनॉलच्या असतात: कोणीतरी औद्योगिक मिथेनॉल मिसळून विकलेलं असतं. मिथेनॉल किण्वनात मुख्यतः पेक्टिनपासून बनतं, ते फळांच्या सालीत-गरात भरपूर असतं. माल्टच्या वर्टमध्ये ते नगण्य, म्हणून बिअरमध्ये मिथेनॉल केवळ लेशमात्र असतं. बिअर करताना आपण काहीच ऊर्ध्वपातित करत नाही. ते करायचंही नाही. घरी दारू गाळण्याला बहुतेक देशांत कायद्याची मनाई आहे, आगीचा धोका वेगळाच. घरी बिअर करण्याचे नियमही देशोदेशी निराळे आहेत, आपापल्या ठिकाणचा कायदा आधी बघून घ्यावा.

जंतूंचं म्हणाल तर किण्वन नीट झालेल्या बिअरचा पीएच ४.५ च्या खाली जातो, त्यात अल्कोहोल, हॉप्स, प्राणवायूचा अभाव. माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जंतू त्यात तग धरत नाहीत. बिघडली तर आंबट होते, व्हिनेगरसारखी लागते, वर सुरकुतलेली साय धरते. ओतून द्यावी लागते, पण तिच्यानं जीव जात नाही. मात्र यीस्ट न घालता वर्ट दिवसच्या दिवस बाहेर ठेवणं धोक्याचं आहे, कारण त्याचा पीएच पाचच्या वर असतो.

शंकेखोर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. शंका फिटली. मग खरा धोका कुठला?

मोजपट्टी

बाटली फुटणं. हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

किण्वन संपायच्या आत बाटल्या भरल्या, किंवा साखर अंदाजानं घातली, तर आत वायू साचत जातो आणि काच बॉम्बसारखी उडते. म्हणून घनता सलग तीन दिवस तीच आली तरच बाटल्या भरायच्या. एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) बुडबुडे थांबले हा पुरावा नव्हे. झाकण किंचित सैल असलं तरी ते थांबतात, आणि खोली तापली तर किण्वन संपल्यावरही येत राहतात.

साखरेचा हिशोब: २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये ०.८६ आकारमान (म्हणजे लिटरभर बिअरमध्ये ०.८६ लिटर) कार्बन डायऑक्साइड आधीच विरघळलेला असतो. साधी साखर लिटरमागे ८ ग्रॅम घातली की तो सुमारे ३ आकारमानांपर्यंत जातो. गव्हाच्या बिअरला याहून जास्त फेस शोभतो, पण नेहमीच्या बाटलीसाठी ३ ही मर्यादा समजा. बाटल्या जाड काचेच्या, बिअरच्याच. दहा लिटरला ८० ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळून मग भरायची. प्रत्येक बाटलीत चमच्यानं घालत बसलात तर एक बाटली मिळमिळीत आणि दुसरी कारंजं.

बुडबुडा

इथे यीस्टच्या निवडीचाही संबंध येतो. सुक्या यीस्टमध्ये डब्ल्यूबी-०६ सहज मिळतं, पण ते डायस्टॅटिकस जातीचं आहे. इतर यीस्टना न पचणारे डेक्स्ट्रिन (साखरेच्या लांब साखळ्या) तोडून ते हळूहळू खात राहतं. बिअर खूप कोरडी होते आणि घाई केली तर बाटलीत दाब वाढतो. वापरायला हरकत नाही, पण जास्तीचा आठवडा द्या आणि घनता पुन्हा पुन्हा तपासा. पहिल्या बॅचला मी म्युनिक क्लासिक सुचवेन. केळ्याचा वास छान येतो आणि थांबायचं तिथे थांबतं. ओलं यीस्ट सांभाळायची तयारी असेल तर वायस्ट ३०६८ किंवा डब्ल्यूएलपी३००, ही बव्हेरियन वळणाची.

आणि एअरलॉकच्या ऐवजी पहिले तीन-चार दिवस जाड नळी लावा, तिचं दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात. गव्हाचं यीस्ट फार उंच फेस काढतं. तो एअरलॉकमध्ये शिरला की भोक तुंबतं, आणि तुंबलं की झाकण छताला. फर्मेंटर (बिअर आंबवायचा डबा) तीन चतुर्थांशाच्या वर भरू नका.

निळी_शाई

तांत्रिक बाजू भक्कम झाली आहे. मी थोडं इतिहासात नेतो, कारण या बिअरला सुरस इतिहास आहे.

१५१६ मध्ये बव्हेरियात, इंगोलश्टाट इथे, प्रसिद्ध शुद्धतेचा फतवा निघाला: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही नको. गव्हाचं नाव त्यात नाही. मग गव्हाची बिअर टिकली कशी? सरदार घराण्याच्या खास हक्कामुळे. डेगेनबेर्ग घराण्याकडे ती करायचा परवाना होता. १६०२ मध्ये त्या घराण्याचा वंश खुंटला आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियान पहिला याच्याकडे गेला. त्यानं ती राजघराण्याची मक्तेदारी केली आणि खजिना भरला. पुढे लोकांची आवड बदलली, मागणी घटली. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर या ब्रूअरनं ती करण्याचा हक्क मिळवला आणि ही बिअर सामान्य ब्रूअरांच्या हाती आली.

आणखी एक. १५१६ च्या त्या फतव्यात यीस्टचा उल्लेखच नाही. यीस्टचं काम तेव्हा कोणाला समजलं नव्हतं. एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवणं १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी साधलं. आज आपण सुक्या यीस्टचं पाकीट फोडतो, त्यामागे तिथवरचा पल्ला आहे.

तिरकीट

गव्हाची बिअर म्हणजे सरकारी मक्तेदारी! १६०२ मध्ये असतो तर हा धागा चौकीत वाचला गेला असता.

दाणागोटा

निळी_शाई, सुंदर माहिती. बेल्जियमची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तिथली विटबिअर जवळजवळ संपली होती, ती पिएर सेलिस यांनी हुगार्डन गावात १९६० च्या दशकात पुन्हा उभी केली. तिच्यात माल्ट न केलेला गहू, धने आणि संत्र्याची साल. सोनटक्का, तिच्या आणि जर्मन बिअरच्या कृती एकत्र करू नका. धने-साल घातलीत की तुम्हाला हवा असलेला केळं-लवंगेचा वास झाकला जाईल.

सोनटक्का

नाही घालणार. मला तोच वास हवाय.

आता तापमानाचा प्रश्न. घरात दुपारी २८-२९ अंश असतं. फर्मेंटरसाठी वेगळा फ्रिज नाही. काय करावं? एके ठिकाणी वाचलं की क्वाइक यीस्ट घातलं की उष्णतेची चिंताच नको.

बुडबुडा

क्वाइक उत्तम यीस्ट आहे. नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं, व्हॉस प्रकार तर ३५-४० अंशांना मजेत काम करतो. पण त्यातून संत्र्याच्या अंगाचा वास येतो, लवंग येत नाही. चांगली बिअर होईल, तुमची होणार नाही.

अणुरेणू

सोनटक्का, २८ अंशांत हे यीस्ट घालू नका. किण्वन स्वतः उष्णता सोडतं, खोलीपेक्षा आतलं वर्ट सहज तीन-चार अंश गरम होतं. म्हणजे आत ३२. तिथे केळं तर भडक होतंच, सोबत जड अल्कोहोलं बनतात, घशाला जळजळ आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठणकणं.

फर्मेंटर मोठ्या टबात पाण्यात ठेवा, वरून ओला सुती कपडा गुंडाळा, त्याचं टोक पाण्यात बुडू द्या, समोर पंखा. पाणी उडताना उष्णता ओढून घेतं. सकाळ-संध्याकाळ गोठवलेली पाण्याची बाटली टबात बदला. फर्मेंटरच्या अंगाला तापमानाची पट्टी चिकटवा आणि खोलीचं सोडून ती वाचा. १८ ते २० च्या मध्ये राहायला हवी. जिवाचा आटापिटा पहिले तीन दिवस करा, बहुतेक वास त्याच दिवसांत ठरतो. नंतर दोन अंश वर सरकलं तरी चालतं.

माझं ठाम मत: एक्स्ट्रॅक्ट वापरून जो वेळ वाचतो तो सगळा या टबापाशी खर्च करावा. दाण्यांवर दिवसभर राबून मग फर्मेंटर कोपऱ्यात उन्हाच्या झळीत टाकणारे लोक पाहिलेत. त्यांच्यापेक्षा डब्यातलं एक्स्ट्रॅक्ट आणि १८ अंश सांभाळणाऱ्याची बिअर कितीतरी सरस असते.

दाणागोटा

याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन. +१

मोजपट्टी

+१. आणि नळाचं पाणी असेल तर क्लोरीनकडे बघा. क्लोरीन उकळून उडतं, क्लोरामाइन सहज जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अगदी लहान चिमूट दहा लिटरात टाकली की दोन्ही निष्प्रभ होतात. नाहीतर यीस्टच्या फिनॉलशी त्याची गाठ पडते आणि दवाखान्यासारखा, प्लास्टिकसारखा वास बसतो. या बिअरमध्ये फिनॉल मुद्दाम हवे असतात, म्हणून इथे जास्त जपायचं. त्याच कारणानं भांडी ब्लीचनं धुऊ नका. आम्लयुक्त, न धुता चालणारं सॅनिटायझर वापरा, त्याचा फेस राहिला तरी राहू द्या.

मुक्कामपोस्ट

वाचनखूण साठवली. एक शंका: गार झालेलं वर्ट हलवून हवा मिसळायची असं वाचलंय. सुक्या यीस्टला गरज असते का?

बुडबुडा

सुक्या यीस्टला पहिल्या वापरात सक्ती नाही, ते पेशींत पुरेसा साठा घेऊन येतं. ओल्या यीस्टसाठी मात्र डबा जोरजोरात हलवा. आणि किण्वन सुरू झाल्यावर हवा अजिबात लागू देऊ नका. बाटल्या भरताना नळी तळापर्यंत न्या, वरून धार सोडू नका. प्राणवायू लागला की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

सोनटक्का

मंडळी, परत आले. बॅच झाली, बाटल्या भरल्या, दोन आठवडे बाहेर ठेवून मग गार केल्या, आणि काल पहिली उघडली.

सुरुवातीची घनता १.०४८, शेवटची १.०१२. म्युनिक क्लासिक घातलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच हालचाल नव्हती. रात्री उठून पाहिलं तर पांढऱ्या फेसाचा जाड थर वर्टवर चढलेला, त्यात हॉप्सचे हिरवट-तपकिरी डाग, आणि नळी पाण्यात भडाभडा वाजत होती. टबातला बर्फ बदलत राहिले, पट्टी १९-२० च्या वर जाऊ दिली नाही.

ओतताना तीन चतुर्थांश ग्लासात सोडली, मग बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट हलवलं आणि उरलेली वरून ओतली. गढूळ, दाट फेस, तो बराच वेळ टिकला. आणि वास केळ्याचा, अगदी स्पष्ट. लवंग आहे, पण शोधली तर सापडते इतकीच. अणुरेणू म्हणाली होती तसंच झालं. रंग किंचित गडद आहे, तेही दाणागोटा म्हणाले होते तसंच. मला ती फार आवडली. घरात सगळ्यांना आवडली.

आता प्रश्न: पुढच्या बॅचला लवंग वाढवायची तर काय करू?

तिरकीट

व्यनि आला नाही. निषेध!

अणुरेणू

अभिनंदन, किती आनंद झाला वाचून! पुढच्या वेळी बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा आणि फक्त तापमान १७ वर आणा. केळं ओसरेल आणि मागे झाकलेली लवंग पुढे येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशामुळे काय झालं ते कळतं. या बाटल्या मात्र जपून ठेवू नका, ही बिअर ताजीच प्यायची असते. काही महिन्यांत वास मावळतो.

दाणागोटा

अभिनंदन! १७ अंशांचा प्रयोग आधी करा. त्यानंतरच्या बॅचला मधला मार्ग आहे. ३०० ग्रॅम गव्हाचं आणि ३०० ग्रॅम जवाचं भरडलेलं माल्ट कापडी पिशवीत घालून दोन लिटर पाण्यात: आधी ४४ अंशांवर पंधरा मिनिटं, मग तापवत ६६ वर तासभर. नुसतं कोमट पाण्यात भिजवून चालत नाही, स्टार्चची साखर व्हायला ते ६६ अंश लागतातच. पिशवी निथळून काढा, त्याच पाण्यात एक्स्ट्रॅक्ट घाला, मात्र साडेतीनशे ग्रॅम कमी. फेरुलिक आम्ल तुमच्या हातानं सुटेल आणि काम तेवढं वाढणार नाही. पिशवी कशी शिवायची, कापड कुठलं घ्यायचं, ते व्यनित कळवतो.

मुक्कामपोस्ट

व्यनित नको, इथेच लिहा की. मलाही शिवायची आहे.